थोरली खुर्चीवर बसली

माझ्या थोरल्या जावंला जागेवरनं उठवंल असा मानूस आख्ख्या चाकणच्या पट्ट्यात आजून जलमला न्हाई. लग्नाच्या पंगतीत बसली की वाढपी दमून खाली बसायचे, ही बसलेलीच. यष्टीत कंडक्टर म्हनला, "आज्जी, ही शीट आमदाराची हाय." तर म्हनती, "मंग येऊ दे की त्याला. मांडीवर घीन."

आमची जिमीन कंपनीत गेली. मागनं दोघींचे मालकबी गेले, पोरं लहान. मंग आमी त्याच कंपनीच्या क्यांटीनला पोळ्या लाटायला लागलो. क्यांटीन नेमकं आमच्या हिरीवर बांधलंय. मी गप लाटायची. रडून काय पीठ मळत न्हाई. पर थोरली गप बसंल तर शप्पत. गेटवर वॉचमननं पास मागितला की म्हनायची, "आरं, तू तुझा दाव. माझ्या चिंचंच्या तुकड्यात तू काय करतुयास?" गाड्या रंगवत्यात त्यो पेंट शाप, पर त्यो शबुद तिनं कधी तोंडात घेतला न्हाई. तितं आमचा भुईमूग व्हायचा, म्हनून ती 'खालची पट्टी'. जित्राबं बांधायचो तितं आता टरका लागत्यात, त्यो 'गोठा'. सायेब लोक आधी हसले, मंग वैतागले, मंग सवय झाली. शेवटाला बिहारकडची पोरंबी म्हनायची, "थोरली, खालची पट्टी में चाय भेजो!" त्या दिशी ती एवढी खुश, की पोरांना दोन-दोन पोळ्या जास्ती.

आनि एक खूळ व्हतं तिचं. जित्या मानसाचा फोटू भिंतीवर लावू नी. भिंत मेलेल्यांची, जित्यांचा फोटू पेटीत. लेकानं नव्या घरात हौसंनं तिचा फोटू टांगला, तर दिवसभर जेवली न्हाई. "मेलेली बाई कशी जेवंल रं?" म्हनली. सांजच्याला फोटू उतरावला तवा भाकरी मोडली.

तर माझी नात जाती त्या नव्या युनिव्हर्शिटीला. तितं फोटू लावायची एक खोली हाय. पोरगी घरी येऊन म्हनली, "थोरल्या आजी, तुमचा फोटो लागलाय तिथं!" थोरली म्हनली, "लागलाय? कुटं लागलाय?" आनि पदर खोचून रिक्षात बसलीच, मागनं आमी दोघी.

खोली आमच्या जुन्या गोठ्याएवढी, पर निस्ती गारगार. पांढऱ्या भिंती, वर काळेपांढरे फोटू. त्यात ही. कंपनीची भिंत बांधायला काढली त्या दिशीची. शेवटच्या ज्वारीत हातात इळा घिऊन हुबी, मागं क्रेन. फोटू काढनारा कोन व्हता, कवा आला, आमाला काय ठावं न्हाई. खाली कागद चिकटीवलेला. नातीनं वाचला, "विस्थापित शेतकरी स्त्री. नाव अज्ञात."

"विस्थापित म्हंजी काय गं?" थोरलीनं इचारलं.

"जागेवरून उठवलेली, आजी."

मला वाटलं आता छत पडतंय. पर ती फुडं झाली. तिनं फोटू खिळ्यावरनं काढला, वॉचमनच्या खुर्चीवर नीट बसवला, आनि शेजारी हुबी ऱ्हायली. त्या खोलीचं बघनाऱ्या मॅडम पळत आल्या. "आजी, हात नाही लावायचा!"

"माझ्याच तोंडाला हात लावाया तुझा पास लागतो व्हय गं? भिंतीवर मेलेली आसत्यात. मी बसलीया. आनि मला कुनी उठीवलं न्हाई."

मॅडम मानसासारखी व्हती. म्हनली, "बरं, नाव सांगा. नवीन कागद लिहिते."

"थोरली."

"पूर्ण नाव?"

"आख्खं गाव थोरली म्हनतं. आजून किती पुरं पायजे? लिव्ह फुडं, गाव निघोजे. हितंच ऱ्हाती."

मॅडमनी लिव्हलं. नातीनं वाचलं, "इथेच राहते."

"ही कोन दुसरीच बाई झाली. हितंच म्हनले मी. हितंच ऱ्हाती."

कागद फाडला, दुसरा लिव्हला. परदर्शन उठेपतूर फोटू खुर्चीवरच ऱ्हायला. वॉचमन बिचारा तेवढे दीस हुबा. समदं आटपल्यावर मॅडमनी सोता फोटू घरी आनून दिला, कागदासकट.

या माघात थोरली गेली. झोपंत गेली, तीबी आपल्याच जागेवर. तेरावं झालं आनि तिचा लेक हातुडी, खिळा, हार घिऊन आला. म्हनला, "काकी, आता तर लावायचा ना भिंतीवर?" मी फोटूकडं बघितलं. कागद तसाच चिकटलेला, हितंच ऱ्हाती. म्हनले, "ठिव तो खिळा खिशात. लिव्हलेलं वाचता येतं ना तुला?"

आता माझ्या सैपाकघरात दाराजवळ खुर्ची हाय, तिच्यावर ती. पाव्हना आला तर मी सांगते, बाबा, दुसरीकडं टेक. पोरं मागनं हसत्यात, हसू द्या. सांजच्याला कंपनीचा भोंगा झाला की मी च्या ठिवते. एकलीचाच. तरी उकळी आली की तोंडातनं जातंच, "थोरल्याबाय, खालच्या पट्टीत धाडायचा का?"