इकडे सर्व खुशाल

तिसगावच्या स्टँडवर एसटी लागली, तरी अण्णांच्या, माझ्या वडिलांच्या, सूचना संपत नव्हत्या. बंगळूरला कॉम्प्युटरची माझी पहिली नोकरी. त्यांनी माझ्या हातात पोस्टकार्डांचा गठ्ठा ठेवला. प्रत्येकावर घरचा पत्ता आधीच लिहिलेला, म्हणजे मला कंटाळा करायला जागा नको! "आदी जय भीम, मग खुशाली. वाईट काय असंल तर शेवटाला," ते म्हणाले. "वाचनाऱ्याला धसका बसू द्यायचा न्हाई." गाडी हलली तेव्हा खिडकीच्या गजाला हात लावून आई चार पावलं सोबत चालली.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. बंगळूरला ऑफिसातल्या दोघा मित्रांबरोबर मी एक वेबसाइट काढली, नगर जिल्ह्यातून बाहेर पडलेल्यांसाठी. मजकूर आमचा नाही, ज्याचा त्याने लिहायचा. मराठी फॉन्ट सगळीकडे दिसत नसे, म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी. लोक भरभरून लिहू लागले आणि आमची पंचाईत झाली. एवढं सगळं एका पानावर दाखवायचं कसं? फोनच्या लाइनवर पान उघडेपर्यंत चहा निवायचा. मग मीच तोड काढली: यादीत प्रत्येकाची फक्त पहिली ओळ दाखवायची, पुढचं हवं त्याने क्लिक करून वाचावं. मित्रांनी पाठ थोपटली. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

मी घरी कळवलं, पोस्टकार्डाला आठ दिवस लागतात, आता मला साइटवरच लिहा. केडगावचा माझा चुलतभाऊ मिलिंद नगरच्या सायबर कॅफेत जातो, त्याला मजकूर सांगा, मी रोज सकाळी बघतो. माझ्या नव्या खोलीवर फोन नव्हता आणि तिचा पत्ता किंवा ऑफिसचा नंबर मी घरी दिलाच नव्हता. गरज काय, साइट होती ना. पोस्टकार्डं ट्रंकेत पडून राहिली.

एका सोमवारी यादीत मिलिंदचं नाव दिसलं. पुढे ओळ होती: सप्रेम जय भीम, इकडे सर्व खुशाल आहे. बरं वाटलं. म्हटलं, रविवारी निवांत वाचू.

रविवारी क्लिक केलं. शेळीला दोन करडं झाली होती, समाजमंदिराला रंग दिला होता. आणि अगदी खाली: "तुझ्या आईने अन्न सोडले आहे. सारखे तुझे नाव घेते. जमल्यास लवकर येणे."

मी तसाच निघालो. तिसगावला उतरलो तेव्हा स्टँडवर मिलिंद उभा होता. त्याला बघूनच समजलो. आई शुक्रवारीच गेली होती.

आईच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला आलेली माणसं पांगल्यावर अण्णांनी विचारलं, "आमी लिवल्यालं तितं आलं न्हवतं व्हय?"

मशीन बिघडलं होतं, असं सांगता आलं असतं. मी म्हणालो, "आलं होतं, अण्णा. मी पहिलीच ओळ वाचली."

"मंग चूक माजीच," ते म्हणाले. "तिचंच आदी लिवाया पायजे हुतं."

ते चिडले असते तर बरं झालं असतं. ते वाक्य अजून मला जेवू देत नाही.

बंगळूरला परतल्यावर मी पहिली ओळ काढून शेवटची दाखवायला लागलो. यादीभर खालपासून वरपर्यंत एकच दिसू लागलं: कळावे, लोभ असावा. आमच्या माणसांचं दुखणं पहिल्या ओळीत नसतं आणि शेवटच्यातही नसतं, हे मला तेव्हा कळलं. मग अख्खी पत्रंच उघडी ठेवली. पान उघडत नाही म्हणून तक्रारी आल्या, मित्र वैतागले. मी ऐकलं नाही.

माझ्यासारखे बाहेर पडलेले तुम्ही, आणि मागे राहिलेले तुम्ही, घर कशाला म्हणता माहीत नाही. माझ्यासाठी ते आता 'सर्व खुशाल'च्या खाली असतं, आणि तिथवर वाचत जावं लागतं. परवा अण्णांचं पत्र आलं. खुशाल असल्याचं दोनदा लिहिलं होतं. मी ट्रंकेतून त्यांच्या अक्षरातला पत्ता असलेलं एक पोस्टकार्ड काढलं आणि पहिल्याच ओळीत लिहिलं: अण्णा, मी निघालोय. मग कार्ड टपालपेटीत टाकायला थांबलो नाही. ते खिशात घेऊनच गाडीत बसलो.