दिवसा लावलेलं दार

गंगासागरमावशीच्या घरी पाहुण्याला पाण्याचा तांब्यासुद्धा स्वतः उचलावा लागत नाही, अशी उमापुरात ख्याती. नवरा वारल्यावर लोकांना वाटलं होतं, आता या घरचं आदरातिथ्य संपलं. मावशीनं किराणा दुकान रेटलं आणि पाहुण्याचं ताट कधी उणं पडू दिलं नाही. तिची मिळकत काय ती ही ख्यातीच.

सध्याचा पाहुणा मृत्युंजय, बीडचा. एका संस्थेतर्फे आफ्रिकेतल्या मलावी देशात दोन वर्षं सेवा करायला निघालेला. त्याआधी खेड्यात राहून प्रशिक्षण घ्यायचं होतं. ते तो मावशीच्या बाजेवर लोळून घेत होता. महिनाभरात गालांवर चांगली चरबी आली होती.

रविवारी प्रशिक्षणातल्या सोबत्यांनी एकमेकांच्या गावी जायचं, असा संस्थेचा नियम. म्हणून पाटोद्याकडच्या एका खेड्यात राहणारी शिवांजली एसट्या बदलत आली. बसायच्या आधीच तिनं विचारलं, "भाकरी येते का रे? उद्या संस्थेचे सर येणार. हातानं रांधून दाखवलं नाही तर नाव कटतं."

"मावशी चुलीपाशी फिरकू देत नाहीत."

"आणि तू त्यासाठी लई रडलास."

"तुला कुणी शिकवलं गं?" मावशीनं विचारलं.

"मी राहते तिथल्या आजींनी पहिल्याच दिवशी परात पुढं सरकवली. हा इथं जावई झाला, मी तिथं सून."

"माझ्या घरी पाहुणा चुलीपुढं बसला तर गाव काय म्हणंल? गंगासागर थकली म्हणंल."

"मग तिकडं याला कोण थापून घालणार? तुम्ही जाता का?"

मावशीनं क्षणभर खरंच विचार केला. मग उठून तिनं दाराला कडी घातली. "शिकव. पण कुणाला दिसता कामा न्हाई."

त्या गल्लीत दिवसा दार लावायची रीत नाही. लागलंच, तर आत काहीतरी झालेलं असतं. पहिली भाकरी परातीतच फाटली. दुसरी तव्यावर घडी होऊन पडली. तिसरीला पत्र्याखालून असा धूर निघाला की शेजारचा राधाकिशन चार जणांना घेऊन दार बडवायला लागला.

"वहिनी, दार उघडा. काय जळालं?"

दार उघडलं. कोपरापर्यंत पीठ माखलेला मृत्युंजय, हातात अर्धी काळी, अर्धी कच्ची भाकरी.

राधाकिशनचा जीव भांड्यात पडला आणि लगेच जिभेला धार आली. "पाहुण्यालाच थापाय बसवलं व्हय, वहिनी?"

मागचे हसले. मावशीचे कान तापले. मृत्युंजयनं हात पाठीमागं लपवले, आणि ते पाहून मावशीनं पदर खोचला.

"पाहुणा कोण हाय इथं? ते माझं पोरगं हाय. पाहुणे तुमी. बसा, ताट वाढते."

या घरात ताटाला नाही म्हणायची सोय नव्हती. सगळे बसले, आणि ताटात मृत्युंजयचीच भाकरी पडली. राधाकिशन एकच घास बराच वेळ चावत राहिला.

"कशी हाय, भावजी?"

त्यानं पाणी पिऊन घास उतरवला. "आफ्रिकेत चालंल."

"अजून एक वाढ रे त्यांना," मावशी म्हणाली.