प्रभुभोजनाला काढा

आमच्या चर्चच्या मंडळीतल्या सव्वीस घरांनी एका रविवारी प्रभुभोजनात द्राक्षरसाऐवजी काढा घेतला, आणि तो मी पाठवला होता.

हे कसं झालं ते सांगायचं तर आधी आमचं घर सांगावं लागेल. पप्पा जालन्याकडच्या एका खेड्यातून कल्याणला आले ते एक पत्र्याची पेटी घेऊन. कोळसेवाडीतल्या चाळीत एक खोली, आणि डोंबिवलीच्या रंगाच्या कंपनीत हेल्परची नोकरी. त्या आठवड्यात कंपनीत कुठला रंग चालू आहे ते आम्हाला पप्पांच्या नखांवरून कळायचं. रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर ते कधी हिरव्या हाताने घ्यायचे, कधी जांभळ्या. आई चार घरची धुणीभांडी करायची. एक साडी दोन नाताळ चालायची. दुसऱ्या नाताळला पदर उलटा घ्यायचा.

मला मात्र आईने स्वयंपाकाला हात लावू दिला नाही. "तू पुस्तक धर. शेगडीचं मी बघते." मी पुस्तक धरलं ते बी.कॉम. पहिल्या वर्गात होईपर्यंत सोडलं नाही. आमच्या सगळ्या खानदानात कॉलेजचं गेट आतून पाहिलेली मी पहिली. मग ठाण्यात माजिवड्याला ऑफिसात नोकरी लागली. पदवीदानाचा फोटो पप्पांनी भिंतीवर येशूच्या चित्रापेक्षा चार बोटं वर लावला. (चर्चचे पाळकसाहेब भेटीला आले तेव्हा त्या चार बोटांकडेच बघत राहिले. दुसऱ्या दिवशी पप्पांनी खिळा खाली ठोकला.)

आई शाळेत गेली नव्हती. बायबल हातात धरून बसायची, पान आम्ही उघडून द्यायचो. पण मंडळीत तिला एक मान होता. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, येशूच्या आठवणीत भाकरीचा तुकडा आणि घोटभर द्राक्षरस, तो रस ती करायची. वीस वर्षं. काळे मनुके भिजत घालायचे, हाताने कुस्करायचे, मंद आचेवर आटवायचे, पप्पांच्या जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळायचे. तिचा एक नियम होता: प्रभूच्या मेजावर जायच्या आधी रस चाखायचा नाही. फक्त वास घ्यायचा. पातेल्यावर वाकून, डोळे मिटून ती एक लांब श्वास घ्यायची आणि म्हणायची, "झाला." त्यापुढे पाळकसाहेबांचंसुद्धा काही चालत नव्हतं.

मग ती साथ आली. चर्चला कुलूप लागलं आणि उपासना फोनवर आली. फोनचं खातं अर्थातच माझ्याकडे, मंडळीत मी शिकलेली म्हणून. रविवारी सकाळी पडद्यावर मंडळी म्हणजे पंधरा कपाळं, चार पंखे आणि एक भिंत. तबीथाआजी फोन कानाला लावायच्या, त्यामुळे प्रार्थनेला आम्हाला त्यांचा कान दिसायचा.

दुसऱ्या लाटेत कमिटीने ठरवलं की प्रभुभोजन बंद ठेवायचं नाही. आई रस करणार, तो छोट्या बाटल्यांत भरायचा आणि पालिकेच्या पाणी खात्यातले भालेरावदादा, ज्यांच्याकडे बाहेर फिरायचा पास होता, ते स्कूटरवरून घरोघर पोचवणार. आईला कोण आनंद. कामाची चारही घरं सुटलेली, बाहेर पडायचं नाही, आणि अशात मंडळीला तिची गरज.

तो शनिवार. शेगडीवर दोन पातेली, एकाच सेटमधली. एकात रस, दुसऱ्यात काढा. त्या दिवसांत आई अख्ख्या चाळीला काढा पाजायची. मिरी, सुंठ, अडुळसा, गूळ, आणि वरून जे हाताला लागेल ते. आई जरा दमल्यासारखी मोरीच्या कट्ट्यावर बसलेली. मी म्हटलं, तू बस, मी भरते. पातेली उचलून खिडकीखाली गार करायला ठेवली. कुठलं कुठे ठेवलं ते लक्षात ठेवणं बी.कॉम.च्या अभ्यासक्रमात नव्हतं.

झाकणं काढली तर दोन्ही काळं.

"आई, रस कुठला गं?"

"वास घे की."

मी घरातही दोन मास्क लावायची. एकावर एक. (शिकलेली ना.) मास्क काढायला नको म्हणून म्हटलं, "तूच सांग."

आई उठली. एका पातेल्यावर वाकली. मग दुसऱ्यावर. मग परत पहिल्यावर. इतका वेळ तिला कधी लागत नव्हता.

"ह्यात," ती म्हणाली.

"नक्की?"

"वीस वर्सं कोण करतंय, तू का मी?"

मी सव्वीस बाटल्या भरल्या. प्रत्येकीवर ऑफिसातल्यासारखं छापील लेबल: 'प्रभुभोजन: रस'. सरळ रेषेत, एकही वाकडं नाही. भालेरावदादा न्यायला आले तर म्हणाले, "वा, एकदम कंपनीचा माल वाटतोय."

संध्याकाळी शेजारच्या म्हात्रेमावशी दारात आल्या. "काय गो करुणा, आजचा काढा भारीच झालाय. रोज नाक दाबून पाजायला लागतं, आज पोरांनी मागून मागून प्यायला."

मी हे आईला अभिमानाने सांगितलं. आई भिंतीकडे वळून आडवी झाली. मला वाटलं, दमलीय.

रविवारी आम्ही तिघं फोनसमोर बसलो. पाळकसाहेबांनी भाकर मोडली, मग प्याला वर केला. सव्वीस घरांनी बाटल्यांची रसाने भरलेली बुचं वर केली. सगळ्यांनी एकदम घेतलं.

मी पडद्याकडे बघत होते. आधी शिंदेकाकांचे डोळे मोठे झाले. मग साळवेवहिनींनी पदर तोंडाशी नेला. भालेरावदादा चित्रातून गेलेच, फक्त त्यांची खुर्ची उरली. पाळकसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते पाळक असल्यामुळे ते शोभून दिसलं. एकानेही थुंकलं नाही. प्रभूचं मेज ते, थुंकणार कसं? सगळ्यांनी गिळलं. तेवढ्यात मीही गिळलं, आणि मिरी थेट मेंदूत गेली.

तबीथाआजींचा कान म्हणाला, "पाळकसाहेब, या खेपेला रस जरा कडक झालाय का?"

पाळकसाहेब घोगऱ्या आवाजात म्हणाले, "आपण... प्रार्थना करू या."

शिंदेकाका म्हणाले, "असू द्या. प्रभूला वधस्तंभावर तहानेला आंब दिली होती, शिरक्यासारखी आंबट. आपल्याला काढा चालतोय की."

आणि मंडळी हसायला लागली. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. साळवेवहिनी हसता हसता खोकल्या, खोकता खोकता हसल्या. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. मी फोन उचलून माफी मागणार, तेवढ्यात शेजारी बघितलं.

आई डोळे मिटून, हात जोडून बसली होती. तिचं बूच रिकामं होतं. चेहऱ्यावरची एक रेषसुद्धा हलली नव्हती. तिने आमेन म्हटलं, डोळे उघडले आणि विचारलं, "गोड झालाय ना?"

मी पप्पांकडे बघितलं. पप्पांच्या डोळ्यांतून अजून मिरीचं पाणी वाहत होतं. ते म्हणाले, "हो. गोड झालाय."

फोनमध्ये लोक हसतच होते. मी तो बंद केला.

"आई, वास कधी गेला तुझा?"

ती फडक्याची घडी करत बसली. मग म्हणाली, "गुरुवारी."

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर रस दुसऱ्या कुणाला दिला असता."

तपासणी झाली. आई पॉझिटिव्ह निघाली, मी नाही. पप्पाही निघाले, पण त्यांना नुसता ताप होता. आईचा श्वास मंगळवारी कमी पडायला लागला. रुग्णवाहिकेत चढताना तिने फडकं माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "उन्हात वाळव. साबण लावू नको."

हॉस्पिटलमधून एक सिस्टर तिला फोन लावून द्यायची. तिला दोन वाक्यांवर धाप लागायची, पण विचारायची एकच गोष्ट.

"करू, प्यायले का गं सगळे?"

"सगळे प्यायले."

"थुंकलं नाही ना कोणी?"

"नाही आई. शिंदेकाकांनी परत मागितला."

"खोटारडी," ती म्हणाली आणि हसली. म्हणजे हसल्यासारखा आवाज आला.

नवव्या दिवशी फोन आला तो तिचा नव्हता.

दफनाला दोन माणसांना परवानगी होती. पाळकसाहेब आणि मी, दोघं पांढऱ्या पोशाखात, चेहऱ्यावर काच. पप्पा घरात कोंडलेले. पप्पांना आणि मंडळीला दिसावं म्हणून मी फोन धरून उभी राहिले. हात हलू नये म्हणून दुसऱ्या हाताने मनगट धरलं. चाळीस मिनिटं हलू दिला नाही. पाळकसाहेबांनी माती टाकली, मी माती टाकली, सगळं व्यवस्थित दाखवलं. मग फोन खाली घेतला, वाफ धरलेली काच वर केली, तेव्हा कळलं की कॅमेरा उलटा होता. चाळीस मिनिटं मंडळीने फक्त मला बघितलं. काचेमागची मी, मास्कमधून वाहणारं नाक, आणि मागे एक कडुलिंब. फोनचं खातं माझ्याकडे होतं.

घरी आले तर पप्पा खिडकीत. मी खालूनच रडत म्हटलं, "पप्पा, तुम्हाला आई दिसलीच नाही."

"तू दिसलीस ना," पप्पा म्हणाले. "तिच्यासारखीच नाक वर करून रडत होतीस. वर ये, जेवण पाठवलंय म्हात्रेबाईंनी."

पुढच्या वर्षी चर्च उघडलं. बाकांवर मोकळ्या जागा होत्या, आणि त्या अंतर ठेवण्यासाठी सोडलेल्या नव्हत्या. प्रभुभोजनाला कमिटीने तयार कप आणले. एवढासा प्लॅस्टिकचा कप, वर चकचकीत कागद, तो सोलायचा. पाळकसाहेबांनी "शांतपणे घ्या" म्हटलं की साठ माणसं एकदम कर्रकर्र करायची. शिंदेकाकांचा कप दर महिन्याला पुढच्या बाकावरच्या पाठीवर उडायचा. रस खोकल्याच्या गोळीसारखा गोड.

पप्पा कप घ्यायचे आणि न सोलता शर्टाच्या खिशात ठेवायचे. घरी आल्यावर कपाटात. सहाव्या महिन्यात कपाटात सहा कप झाले.

"पप्पा, घेत का नाही तुम्ही?"

"घेईन की. घाई काय आहे."

ज्या माणसाने जांभळ्या हातांनीही कधी प्रभुभोजन चुकवलं नव्हतं, त्याला आता घाई नव्हती. त्या दिवशी मी किलोभर मनुके आणले.

कृती कुठेच लिहिलेली नव्हती. लिहिता येणारी घरात मी एकटी, आणि मी कधी विचारलं नव्हतं. पहिल्या वेळी पातेलं करपलं. दुसऱ्या वेळी रस चार दिवस बाहेर राहिला आणि बूच छताला जाऊन लागलं. तयार झाली ती चक्क दारू. (पप्पा म्हणाले, "कंपनीतल्या कुणाला देऊ का?" मी नाही म्हटलं. नंतर बाटली दिसली नाही.) तिसऱ्या वेळी मी पप्पांना वास घ्यायला बोलावलं. ते पातेल्यावर वाकले आणि कबूल केलं, "करू, तीस वर्षं रंगाच्या कंपनीत काढलेलं नाक आहे हे. मला फक्त निळा ओळखता येतो."

कमिटीपुढे गेले तेव्हा सेक्रेटरी चष्मा काढून म्हणाले, "रस, आणि तू करणार? करुणा, तुझी ख्याती सगळ्या मंडळीला ठाऊक आहे."

सगळे हसले. मीही हसले, दुसरं काय करणार.

तबीथाआजी कोपऱ्यातून म्हणाल्या, "हसू नका रे. त्या काढ्याने माझा खोकला महिनाभर आला नव्हता. हिच्या आईने मरताना सुद्धा आपली सोय बघितली. पोरीला करू द्या. वास मी घेईन."

सात शनिवार आजी आमच्या घरी आल्या. सहा शनिवार वाकल्या, वास घेतला आणि म्हणाल्या, "नाही." सातव्या शनिवारी मी दोन मास्क नाही, एकही मास्क नाही, अशी पातेल्यावर आधी स्वतः वाकले. डोळे मिटले. आणि एकदम आई मोरीच्या कट्ट्यावरून उठून शेजारी येऊन उभी राहिल्यासारखं झालं. आजी अजून जिना चढत होत्या. मी पदराला हात पुसत म्हटलं, "झाला." (मी पंजाबी ड्रेस घातला होता. पदर कुठून आला माहीत नाही.)

आजी आल्या, वाकल्या, माझ्या डोक्यावर हात ठेवून बसल्या.

दुसऱ्या दिवशी मेजावर जुने काचेचे प्याले आले. पप्पांनी प्याला उचलला. निवृत्त झाल्यावर नखं स्वच्छ झाली होती, तेवढी मला लांबूनही दिसली. त्यांनी तो बराच वेळ धरला, मग एका घोटात घेतला. बाकावर येऊन बसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "गोड झालाय."

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारचा रस मी करते. कपाटातले सगळे कप पप्पांनी स्वतः काढून टाकले. मनुके किती, पाणी किती, आच किती, सगळं मी वहीत लिहून ठेवलंय, आणि कमिटीने माझ्या नावावर एक ठरावही मंजूर केलाय, जो मिनिट्सच्या वहीत माझ्या पदवीसह नोंदलेला आहे: रस कुमारी करुणा, बी.कॉम., यांनी करावा. लेबल लावू नये.