अकराशे अठ्ठेचाळीस नंबरचं पुस्तक

गुलमंडीपर्यंत तीन घरं झाली, अजून अकरा बाकी होती. पाइपलाइनसाठी रस्ते उकरलेले, आत रिक्षा येईना, म्हणून दोघी ग्रंथालयातून पायीच निघालेल्या. सुपारी मारुतीसमोर चारुतानं चालता चालताच हात जोडले. आज आठव्या दिवशी तिच्या गल्लीत नळ यायचा होता. दोन खोल्यांच्या घरात आई एकटी ड्रम भरणार, या विचारानं तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

"आपा, फोन केले असते तर?"

"फोनवर लोक हो हो म्हणतात अन् विसरतात. घरी गेलं की बसायला देतात, मग ऐकावंच लागतं," अनिसा आपा म्हणाल्या. पाय दुखत होते, पण थांबायचं नाव नाही.

सोमवारपासून पुस्तक शोधायचं ते फक्त मशीनवर. प्रत्येक पुस्तकाला नवा सहा आकडी नंबर, त्याचं लेबल नेमकं जुन्या नंबरावरच चिकटवलेलं. जुना नंबर आता उरला होता तो ग्रंथालयाच्या सूचीच्या कार्डांवर, आणि कार्डांचे बारा खण सोमवारीच रद्दीत जाणार होते. महिनाअखेर आपाही निवृत्त.

ती कार्डं आपांच्या हातची. वडील जिल्दसाज, पुस्तकं बांधणारे; शाळा उर्दूतून. नोकरीला लागल्या तेव्हा त्यांचं मराठी अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. एकोणतीस वर्षं कार्डं लिहून ते वळणदार झालं. नवीन वाचक आला की पहिल्याच दिवशी सांगायच्या, "नाव विसराल, लेखक विसराल. आवडलं त्याचा नंबर घरी लिहून ठेवा." लोकांनी ऐकलं. घरोघरी लिहिलेले ते जुने नंबर सोमवारपासून निकामी होणार, म्हणून तीच सवय आता आपांना झोपू देत नव्हती.

शहागंजामागच्या गल्लीत यमुनाबाई राहायच्या. ऐंशीच्या पुढं वय, डोळे अधू. सून वाचून दाखवायची. कपाटाच्या दाराला आतून खडूनं नंबर लिहिलेले.

"ये गं अनिसा! ही कोण?"

"चारुता. माझ्यासोबतच काम करते."

"बरं झालं. तुमच्याकडं मशीनवर एक पोरगी बसती ना? माझ्या सुनेला म्हणली, अकराशे अठ्ठेचाळीस नंबरचं पुस्तकच नाय. म्या म्हणलं, मग दर उन्हाळ्यात म्या काय ऐकते, तिच्या मशीनीचं पुराण?"

सून पदराआड हसली. तिनं चारुताला केव्हाच ओळखलं होतं. चारुता मान खाली घालून फरशीकडं बघत राहिली.

"मशीन नवीन आहे, यमुनाबाई. पोरगी चांगली आहे," आपा म्हणाल्या आणि खडू मागितला. यमुनाबाईंच्या आवडीचे नंबर त्यांना पाठच होते; कार्डावरून नाव आणि पुस्तकावरून नवा नंबर त्यांनी आधीच उतरवून आणला होता. एकेका जुन्या आकड्यापुढं त्यांनी ठळक नवा आकडा लिहिला.

"सहा सहा आकडे? पाठ करू का मरू?" म्हणत यमुनाबाईंनी सुनेकडून दोन पेले पाणी मागवलं. कोपऱ्यातली घागर निम्मीच होती. चारुता नको म्हणणार, तोच आपांनी डोळे वटारले. ती निमूट प्यायली.

बाहेर ऊन तसंच तापलेलं. दिवस कलतानाच्या नमाजाची, असरची अजान झाली. आपा मशिदीच्या भिंतीच्या सावलीत क्षणभर थांबल्या, ओठांत काही पुटपुटल्या.

"मला तर नुसतं शोधायचंच शिकवलंय. मशीनमध्ये जुन्या नंबराला जागाच नाही का, आपा?"

"शेरा म्हणून एक रकाना आहे. तिथं बसतो. साहेब म्हणाले, अकरा हजार नंबर टाइप कोण करणार?"

"मग ही चौदा घरं झाल्यावर?"

"तेच तर. शहर एवढं पसरलं, निम्म्यांचे पत्ते बदलले. फुलंब्रीहून, शेंद्र्याहून येतात त्यांच्याकडं कधी जाऊ मी?" आपांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "चारुता, माझं राहणं भावाकडं, तिथं काही बोलता येत नाही. ते बारा खण सोमवारच्या आत तुझ्या घरी नेशील? रोज थोडी कार्डं सोबत आणून मशीनवर नंबर चढव. अन् तोवर कुणी जुना नंबर सांगितला, तर पुस्तक नाही म्हणू नको. बसा, बघते, एवढं म्हण."