वाती वळणारे हात

पोरांनो, मागच्या रविवारी फोनवर तुमच्यातल्या धाकट्याने विचारलं, "आजी, ते नवं औषध मिळालं का तिला? आता बरी होणार ना ती?" तुमच्या आत्याने एकदम थंडीचा विषय काढला, मी तुमच्या परीक्षांचा, आणि फोन संपला. उत्तर राहूनच गेलं. दिवाळीत तुम्ही इथे वणीला याल आणि तुमच्या आतेबहिणीला पहिल्यांदा समोर बघाल. म्हणून त्याआधी क्रमाने सांगते.

ती जन्मली तेव्हा इतर बाळांसारखीच होती. 'बाबा' म्हणायची, वाटीतले मुरमुरे वेचून खायची. दुसरं वर्ष लागलं आणि शब्द गेले. मग हातांनी वस्तू धरणं गेलं. त्याऐवजी दोन्ही हात छातीशी धरून ती सारखे एकमेकांवर चोळू लागली, जागी असेपर्यंत. नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला पाठवलं आणि कळलं की एका जनुकात चूक आहे. आईकडून नाही, बापाकडून नाही, आपोआप झालेली. हे मी इथे मुद्दाम लिहिते, कारण तुमच्या आत्याला लोकांनी पुष्कळ काही विचारलं होतं.

नवं औषध म्हणजे त्या जनुकाची चांगली प्रत. निरुपद्रवी केलेल्या एका विषाणूच्या पाठीवर बसवून ती मेंदूपर्यंत पोचवायची. अवघड गोष्ट मात्रेची. हे जनुक कमी पडलं तर हा आजार, जास्त झालं तर दुसरा. मी हे तिच्या दुसऱ्या आजीला, म्हणजे माझ्या विहीणबाईंना, समजावलं. त्या केळापूरकडच्या. नातीसाठी आम्ही दोघी इथेच एका खोलीत राहतो. त्या म्हणाल्या, "म्हंजे हिंगावानी. नसला त वरण बेचव, जास्त झाला त कोनी तोंडात घेत नाही. एवढंच सांगाले तुमाले अर्धा तास लागला, मास्तरीनबाई!"

औषधाची चाचणी सुरू होती, तीत मोजक्याच मुली घेणार होते. डॉक्टरीणबाईंनी घरचा व्हिडिओ मागितला. मुलगी रोज कशी असते, तेवढंच.

आता आपल्याकडे मुलीला कुणी बघणार म्हटलं की काय होतं, ते तुम्हाला ठाऊक नाही. विहीणबाईंनी पेटीतला जरीचा परकर काढला. पावडर, काजळ, गजरा. खिडकीत कोळशाची धूळ बसते, ती तुमच्या आत्याने पुसली आणि नवा पडदा लावला. मी खुर्ची उजेडात ठेवली. राहिले हात. आत्या खुर्चीमागे बसली आणि पदराआडून तिने लेकीचे दोन्ही हात मांडीवर दाबून धरले. व्हिडिओत शहाणी, शांत मुलगी बसलेली दिसत होती. आम्ही तो पुनःपुन्हा पाहिला. विहीणबाई म्हणाल्या, "पाय वं, कोन म्हनन हिले काई झालं म्हनून?"

डॉक्टरीणबाईंचा फोन आला. "मुलगी गोड आहे. पण हात कुणी धरलेत?"

विहीणबाईंनी आत्याच्या हातातून फोन घेतला. "मंग काय पोरीचे हाल दाखवाव का लोकाइले?"

"आजी, मी लोक नाही. हात झाकले तर औषधाने काय बदललं ते कुणाला कळणार?"

फोन ठेवल्यावर विहीणबाई पुटपुटल्या, "बाई चांगली हाय, पन तोंडाची फटकळ हाय." मी म्हटलं, तुमच्यासारखीच. तेव्हा कुठे आत्या हसली.

दुसरा व्हिडिओ असा झाला. दुपारी विहीणबाई भिंतीला टेकून सरकी काढलेल्या कापसाच्या वाती वळत होत्या. शेजारी ही, जुन्या फ्रॉकमध्ये, हात चोळत. विहीणबाई आपल्या नादात म्हणाल्या, "पाय, माही नात बी वाती वळून राह्यली. हिच्या वाती देवालेच दिसतेत. आन् इकडे तुही शिकलेली आजी, तिले एक वात सरळ वळता येत नाही." ते खरंच आहे. माझ्या वाती मध्येच फुगतात. तिने आजीच्या हातांकडे पाहिलं, मग तोंडाकडे, मग माझ्याकडे, आणि ती हसली. हसताना हात थांबले. क्षणभरच. आत्याने तेवढंच पाठवलं.

तो व्हिडिओ पाहून त्यांनी पुढच्या तपासणीला बोलावलं. नागपूरला जाताना आत्या वाटेत मनातल्या मनात औषध मिळालंच असं धरून चालली होती, ते मला तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. रक्ताचा निकाल आला. ज्या विषाणूच्या पाठीवर औषध जायचं, त्याच्याशी लढण्याची ताकद हिच्या रक्तात आधीच तयार आहे. कधीतरी साध्या संसर्गातून तो तिला भेटून गेला असणार. औषध आत गेलं तरी शरीर ते वाटेतच अडवेल, आणि तिला त्रासही होऊ शकेल. म्हणून या चाचणीत तिला घेतलं नाही. दुसऱ्या वाटा शोधणं चालू आहे. कधी सापडतील, ते डॉक्टरीणबाईंनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

परतल्यावर आत्या दोन्ही वेळा जेवली नाही. तिसऱ्या वेळी विहीणबाईंनी ताट पुढे ठेवलं आणि म्हणाल्या, "पोरगी तुह्याकडे पाहून राह्यली. जेव." ती खरंच पाहत होती.

तेव्हा धाकट्या, तुझं उत्तर असं: औषध मिळालं नाही. आजवर फोनवर तुम्हाला ती झोपलेली किंवा नटलेलीच दिसली. आता तसं करणार नाही. आलात की तिच्याजवळ बसा, तिच्याशी बोला, हात चाललेत तर चालू द्या. ते आता घरात कुणी धरत नाही.

शब्द गेले आहेत, हातांचं काम गेलं आहे. आपलं माणूस ओळखणारी तिची नजर शाबूत आहे, आणि माझ्या वाती पाहून ती अजून हसते.