आपाचं गाणं, साहेबांचा नमस्कार

परभणीत मी तबला वाजवते हे आता गावाला माहीत झालंय, तरी कार्यक्रमाला गेले की कुणीतरी विचारतंच, "ताई, तबलजी कुठवर आले?" मी म्हणते, "येऊन बसलेत, चहाची वाट बघायलेत." मग तो माणूस माझ्या मागं बघतो. माझे केस पांढरे झाले, पण मागं बघणारे काही कमी झाले नाहीत.

मागं महिला दिनाला इथल्या एका संस्थेनं कार्यक्रम ठरवला. नाव जंगी, 'विश्वातील स्त्री-स्वर'. नाना देशांच्या, नाना तऱ्हेच्या संगीतातल्या बायका म्हणे. संस्थेचे अध्यक्ष माझ्या घरी आले. महिला समितीचे अध्यक्षही तेच, कारण बायकांना बैठकीला यायला वेळ नसतो. "ताई, तुमची ओळख लय हाय. बघा की चार-दोन बायका," म्हणाले. बाजारातून वांगी आणायला सांगावीत तसं.

विश्व काही परभणीला येणार नव्हतं, मग मी जिल्ह्यातलंच जमवलं. बोरीच्या एक मावशी मिळाल्या. घरात पिढ्यान् पिढ्या शिवाची भक्ती, आणि भजन म्हणायला लागल्या की टाळ धरणाऱ्याची दमछाक होते. गंगाखेडची एक पोरगी मिळाली, वरातीपुढं चालणाऱ्या बँजो पार्टीत कीबोर्ड वाजवणारी. तिला कोरियातल्या पोरींची गाणी तोंडपाठ. म्हटलं, चला, परदेशही झाला. आणि तिसरी पाथरीची आपा.

आपाचं जरा सांगायला पाहिजे. आमच्याकडं मुसलमानांच्या लग्नात हळदी-मेंदीला बायका ढोलक घेऊन बसतात आणि समध्याची, म्हणजे व्याह्याची, टर उडवतात. गाण्यात त्याचं नाव घालायचं आणि त्याच्या पोटापासून चपलेपर्यंत सगळं काढायचं. गाणाऱ्या बायका, ऐकणाऱ्या बायका. पुरुष बाहेर मांडवात, पण कान आत. आपा या गाण्यांतली वस्ताद. एकेक समधी तिनं असा सोलून काढलाय की दुसऱ्या दिवशी निकाहला तो मान वर करत नसे. तरी लग्नाचं बोलावणं आलं की पहिला सवाल, "आपा येणार ना?"

पण तिच्या गळ्यात गाठ निघाली होती. ऑपरेशन ठरलं होतं. डॉक्टर म्हणाले, गाठ जाईल, आवाजाचं काही सांगता येत नाही. ही सगळी गाणी आपाच्या गळ्यात होती, दुसरीकडं कुठंच नाही. मी मोबाईल घेऊन पाथरीला गेले. म्हटलं, आपा, गा, रेकॉर्ड करून ठेवते. आपा उखडलीच. "अकेली बैठके? पागल हुई क्या तबलेवाली? औरतां झेलने कु होना. सामने कोई हसनेवाला होना." खरंच होतं. तिनं ओळ टाकायची, भोवतीच्या बायकांनी ती झेलायची, तेव्हा कुठं पुढची सुचते. लग्नसराई तर लांब होती.

म्हणून महिला दिनाचं म्हटल्यावर मला वाटलं, देवच पावला. हॉलभर बायका, माईक, वर अध्यक्ष छातीवर हात ठेवून म्हणाले, "व्हिडिओवाला हाय आपला, ड्रोनसकट." आपा कबूल झाली. अट एकच, सामने मर्दां नक्को. मी अध्यक्षांना सांगितलं. ते म्हणाले, "अहो, महिलांचाच तर कार्यक्रम हाय!"

त्या दिवशी हॉलमध्ये गेलो तर पहिल्या दोन रांगा पुरुषांच्या. मान्यवर! सोफ्यावर, पुढ्यात पाण्याच्या बाटल्या. बायका त्यांच्या मागं, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. आम्ही कलाकार स्टेजच्या कडेला सतरंजीवर. प्रमुख पाहुणे साहेब आले ते दुपार कलताना. मग सत्कार सुरू झाले. शाल, नारळ, फेटा. अध्यक्षांचा सत्कार साहेबांनी केला, साहेबांचा अध्यक्षांनी केला, ज्यांनी शालींचं ताट धरलं त्यांचा राहिला म्हणून तोही केला. आमच्याकडं नारळ पोचेपर्यंत शाली संपल्या होत्या. बोरीच्या मावशी हळूच म्हणाल्या, "बरं झालं माय, उन्हाळ्यात शाल कुठं सांभाळत बसावं."

मग भाषणं. प्रत्येकानं सांगितलं की स्त्रीला बोलू दिलं पाहिजे, आणि तेवढं सांगून कुणी खाली बसेना. आपा गळ्यावरून हात फिरवत होती. तिला लय वेळ ताटकळलं की घसा कोरडा पडायचा. ते बघून माझं डोकं सटकलं. मी पिशवीतली हातोडी काढली आणि तबला लावायला घेतला. ठक, ठक. तबला लागलेलाच होता, पण ते मला आणि तबल्याला माहीत. बोलणारे गृहस्थ थांबले. "ताई, जरा..." म्हणाले. मी म्हटलं, "तुमचं चालू द्या दादा. उकाड्यानं चामडं चढायलंय. आत्ता नाही लावलं तर साहेबांच्या पुढं बेसूर होईल." साहेबांचं नाव निघाल्यावर ते पुन्हा भाषणाला लागले. त्यांनी दम घेतला की मी ठोकायची. बिचारे कंटाळून बसले. त्यांच्यानंतर जे उठले होते तेही माझ्या हातोडीकडं बघून बसले.

निवेदक म्हणाला, "वेळेअभावी आपण फक्त झलक घेऊ." झलक! अख्खी लापशी चुलीवर आणि वासावर समाधान माना! मावशींचं एक कडवं झालं. पोरीनं कीबोर्डवर कोरियाचं काहीतरी झकास सुरू केलं, तोवर चिठ्ठी आली, आटपा. मग आपाचं नाव पुकारलं.

आपा उठेना. ढोलक मांडीवर, पदर गच्च. "मर्दां बैठे सामने. मैं नहीं गाती." मागं बायका ताटकळलेल्या, निवेदक घड्याळ बघायलाय, आणि ऑपरेशन पुढच्याच आठवड्यात. आता नाही तर कधीच नाही. तिच्या कानाशी गेले आणि म्हटलं, "आपा, यांना मर्द समजू नका. समधी समजा."

आपानं पहिल्या रांगेकडं नजर टाकली. फेटे, पोटं, बाटल्या. "सारे के सारे?"

"सगळेच."

आपाच्या तोंडावर जे हसू आलं ते मी आधी फक्त लग्नात बघितलं होतं. तिनं ढोलकवर थाप मारली आणि सुरुवातच साहेबांपासून केली. समध्याच्या नावाच्या जागी साहेब! साहेब आले, पण ढेरी आधी आली. साहेबांनी पान खाल्लं आणि बकरीनं त्यांना मामा म्हटलं. मागच्या बायकांना कळायला वेळ लागला नाही. पाथरी, मानवत, जिंतूर, कुठल्याही बाईला आपाची ही दखनी बोली कळतेच. त्यांनी ओळ अशी झेलली की हॉल दणाणला.

साहेबांनाही दखनी कळत असणार, पण ते मोबाईलमध्ये होते. त्यांच्या कानाला एकच वळण, माईकवर आपलं नाव आलं की उठायचं. ते उठले, हात जोडले, डावीकडं, उजवीकडं. पहिल्या रांगेनं टाळ्या दिल्या. पुन्हा 'साहेबां' आलं, पुन्हा उठले. साहेबांच्या अकलेचं गाढवाशी लग्न लागलं तेव्हा तर त्यांनी मान लववून नमस्कार केला. बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या आणि साहेबांना ते प्रेम वाटत होतं. मला तबल्यावर ठेका सांभाळणं अवघड झालं. झलक राहिली बाजूला, आपा मनसोक्त गायली. थांबवणार कोण, साहेब उभे असताना?

ऑपरेशन झालं. गाठ गेली, आवाजही गेला. कुजबुजल्यासारखं बोलायची, तेही मोजकं. मी व्हिडिओवाल्याच्या मागं लागून लागून व्हिडिओ मिळवला आणि पाथरीला घेऊन गेले. लावला तर माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अख्खं गाणं आहे, एक अक्षर सुटलेलं नाही, पण आपा कुठंच नाही! पहिल्यापासून शेवटपर्यंत साहेब. उठताना साहेब, बसताना साहेब, ड्रोनमधूनही साहेबच. व्हिडिओवाल्याला तेवढंच सांगितलेलं. मी त्याला ठेवणीतल्या सगळ्या शिव्या दिल्या. आपा मात्र पलंगावर बसून पोट धरून हसत होती. आवाज न करता.

तिची नात, शाळकरी पोर, तो व्हिडिओ रोज लावून बसायची. परवा पाथरीत मोहल्ल्यातल्या एका लग्नात मेंदीला गेले, तर ढोलकवर तीच. आजीचं गाणं, आजीची थाप. आणि समध्याचं नाव आलं की पोरगी थाप सोडून दोन्ही हात जोडायची, डावीकडं, उजवीकडं मान लववायची. तिच्या मैत्रिणीही तसंच. त्यांना वाटलं, गाण्यात ते असतंच. म्हाताऱ्या बायका हसून लोटपोट, आणि मीही.

मग चढी ओळ आली. व्हिडिओत त्या ओळीला आपाचा श्वास मध्येच अडकलाय, गाठीनं. ती आवंढा गिळते आणि मग वर जाते. ऐकणाऱ्याच्या ध्यानात येत नाही, पण तबला वाजवणाऱ्याला एक मात्रा रिकामी सापडते. पोरगी त्या जागी आली, थांबली, आवंढा गिळला आणि मग वर गेली. तिचा गळा स्वच्छ, निरोगी. माझं हसू जागच्या जागी विरलं. डोळे भरून आले. शेजारी बसलेल्या आपाकडं बघितलं, तर तिनं माझं मनगट घट्ट धरलं आणि कानाशी येऊन पुटपुटली, "उसकु सुधारना नक्को."