मागच्यासारखाच फ्लेक्स

सांगायला लाज वाटते, पण चहा संपेपर्यंत सांगून टाकतो.

मंगळवार होता. पवना धरणाच्या रस्त्यावरच्या आमच्या व्यवस्थापन संस्थेत मी उत्तरपत्रिका तपासत बसलो होतो. संचालकांचा फोन आला. "सर, एक उमेदवार यायला तयार झाल्या, डॉ. सई! परवा मुलाखत."

कसली म्हणता? व्यवसाय-धोरण आणि शाश्वत विकास शिकवायला सहायक प्राध्यापक हवा होता. दोन जाहिराती वाया गेल्या होत्या. पुण्याची माणसं आमच्याकडे सहलीला येतात, नोकरीला नाही! या खेपेला जागा भरली नाही तर विषयच बंद होणार होता. आणि तो मी मोठ्या हौसेने सुरू केलेला.

"स्वागतात काही कमी पडू देऊ नका," संचालक म्हणाले.

आता मावळात स्वागत म्हणजे काय? फ्लेक्स! कामशेतच्या फ्लेक्सवाल्या बाळूला फोन लावला, बाईंचा फोटो पाठवला. बाळूला वाघ, तलवारी, सोनेरी अक्षरं फार प्रिय. म्हणून बजावलं, "भडक नको. मागच्या वेळी मला करून दिलास ना, तसाच कर. शांत."

"मागच्यासारखाच? नक्की ना सर?"

"अरे, नक्की!"

त्याने नमुना पाठवला. मी न उघडताच 'छान' लिहून मोकळा.

गुरुवारी फाटकापाशी पोचतो, तर तिकोणा पेठेचे एक आबा टोपी काढून उभे. नातीच्या प्रवेशाची चौकशी करायला आले होते. "लय वाईट झालं, सर. तरणीताठी पोर! कवा गेली?"

वर पाहिलं. डॉ. सईंचा हसरा फोटो, भोवती झेंडूचा हार, दोन्ही बाजूंना समया. खाली 'शोकाकुल' आणि माझं नाव!

मागचा फ्लेक्स माझ्या पत्नीच्या श्रद्धांजलीचा होता. गेल्या वर्षीचा.

तेवढ्यात रिक्षातून डॉ. सई उतरल्या. आबांनी फोटो पाहिला, बाईंना पाहिलं आणि दोन पावलं मागे सरकले. "आवो, ह्या तर हितंच हायेत!"

"आत्ताच आले, आबा," बाई म्हणाल्या. "सर, मुलाखतीआधीच निकाल लावलात?"

मी कसंबसं सगळं सांगितलं. मागचा फ्लेक्स कुणाचा, तेही. त्यांनी पुन्हा वर फ्लेक्सकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "रंग चांगले आहेत हो. तुम्ही निवडलेत?"

"हो. तिला असेच आवडायचे."

मुलाखतीत संचालकांनी विचारलं, "रुजू झालात तर पहिलं काम?"

"फ्लेक्स बंद. लावलाय तो फेकायचा नाही, वापरायचा."

निवड एकमताने झाली. माझा हात तर सगळ्यांत आधी वर!

बाई रुजू झाल्या, वर्ग भरला, विषय वाचला. फ्लेक्स वापरायचं काम माझ्याकडे आलं. मी तो पालापाचोळ्याच्या खताच्या ढिगावर अंथरला, घाईघाईत, छापील बाजू वर करून. आता डॉ. सई रोज स्वतःच्या हार घातलेल्या फोटोजवळून वर्गात जातात, आणि खत बघायला येणारे पाहुणे माझं सांत्वन करून जातात.

तो पालथा घालायचं अजून राहिलंय.